अशोक कोणता, सीतेचा की कुंपणाचा?

केशवसुतांच्या मालगुंडात कुणालाही ‘अशोक दाखव’ म्हणा. बोट बहुधा कुंपणालगतच्या उंच, सरळसोट झाडाकडे जाईल. गणपतीपुळ्यात विचारा, पुण्यात विचारा, उत्तर तेच. औषधाचा अशोक, म्हणजे सीताअशोक, मात्र वेगळाच आहे.

गैरसमज : कुंपणाला लावतात तोच रामायणातला अशोक.
वस्तुस्थिती : तो खोटा अशोक, सीताफळाच्या कुळातला. त्याची पानं सुटी, लांबट, कडेला लाटा असलेली आणि फुलं फिकट हिरवी. सीताअशोक चिंचेसारखा शेंगा धरणारा, पसरट डेऱ्याचा. त्याच्या एका देठावर पर्णिकांच्या जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी, म्हणून संस्कृतात तो ‘ताम्रपल्लव’.

गैरसमज : सीताअशोकाच्या पाकळ्या केशरी असतात.
वस्तुस्थिती : या फुलाला पाकळ्याच नसतात. आपण पाहतो ती रंगीत निदलं. ती आधी पिवळट-केशरी असतात, मग लाल होत जातात. चैत्र शुद्ध अष्टमीला, अशोकाष्टमीला, अशोकाच्या कळ्या खाण्याची प्रथा आहे.

गैरसमज : सीताअशोकाची साल बायकांच्या सगळ्या तक्रारींवर चालते आणि अपाय काहीच नाही.
वस्तुस्थिती : पाळीत अंगावर जास्त जात असेल, तर सालीचा काढा किंवा दुधात उकळून केलेला क्षीरपाक देण्याची परंपरा जुनी आहे. चरकसंहितेत अशोक वेदनास्थापन, म्हणजे वेदना शमवणाऱ्या, द्रव्यांत येतो. सालीत तुरट टॅनिनं भरपूर असतात. पण मोठ्या वैद्यकीय चाचण्यांचा आधार अजून तोकडा आहे. सालीचं अशोकारिष्ट हे औषध आंबवून करतात, त्यामुळे त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. रक्तस्राव थांबत नसेल तर आधी तपासणी, मग काढा.

गैरसमज : बाजारातली अशोकसाल म्हणजे सीताअशोकाचीच साल.
वस्तुस्थिती : मागणी मोठी, झाडं थोडी. म्हणून खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ सर्रास आढळते. वाळलेले तुकडे नुसत्या नजरेने ओळखणं कठीण.

गैरसमज : साल काढली तरी पुन्हा येते, झाडाचं काय जातं?
वस्तुस्थिती : पानांत तयार झालेलं अन्न आतल्या सालीतूनच मुळांपर्यंत उतरतं. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं की मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्याउभ्या मरतं. सावलीच्या, वहाळाकाठच्या ओलसर जागा तुटत गेल्या, त्यात ही सोलणी. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने 1998 मध्ये या झाडाची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून केली.

गैरसमज : हे रानातलं झाड, परसात येत नाही.
वस्तुस्थिती : ताजं बी सहज रुजतं, ठेवून दिलं की उगवण झपाट्याने घटते. शेंग पिकली की लगेच पेरावं, पहिली काही वर्षं सावली आणि ओल द्यावी. कोकणातल्या माडा-पोफळीच्या आगरात या दोन्ही गोष्टी आयत्या मिळतात. रोप विकत घेणार असाल, तर नुसत्या पाटीवर जाऊ नका. पान उलगडून जोड्या मोजा. पान एकटंच असेल तर ते कुंपणाला ठीक, काढ्याला नाही.