कृष्णविवरांचा ताळेबंद

जालन्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यातील माणसाने कृष्णविवरांची उठाठेव कशासाठी करावी, असा प्रश्न कुणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही. शेजारच्या परभणीपलीकडे, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात हा खर्च सयुक्तिक आहे काय?

प्रथम हे कार्य कोणते, ते पाहू. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचे किरण धाडावयाचे आणि नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म फरक पडला तर तो टिपावयाचा, असे हे यंत्र आहे. अमेरिकेतील अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली गुरुत्वीय लहर नोंदवली. ज्यांतून प्रकाशही सुटू शकत नाही, अशा विवरांची ही वार्ता सुमारे १३० कोटी वर्षे प्रवास करून आली होती. ती निघाली तेव्हा पृथ्वीवर पशुपक्षीदेखील नव्हते!

याचा उपयोग काय? आइन्स्टाइनने १९१५ मध्ये व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत मांडला तेव्हा त्याचे बाजारमूल्य शून्य होते. गुरुत्वाकर्षण जेथे प्रबळ, तेथे काळ संथ चालतो, हा त्याचा निष्कर्ष केवळ बुद्धिविलास वाटावा असाच होता. आज मात्र मार्गदर्शक उपग्रहांवरील घड्याळे गती व गुरुत्व यांच्या एकत्रित परिणामाने दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही चूक सुधारली नाही, तर एका दिवसातच मोबाइलवरील ठिकाण सुमारे दहा किलोमीटरने चुकेल. ज्ञानाचे पीक एका हंगामात हाती येत नाही, हे बियाणे-संशोधनाने नाव मिळवलेल्या जालन्याला निराळे सांगावयास नको.

तेव्हा प्रश्न खर्चाचा नसून वाट्याचा आहे. बांधकामावरील मजुरी आणि फाटकावरील पहारा एवढेच मराठवाड्याच्या पदरी पडणार असेल, तर हा व्यवहार आपल्यापुरता तोट्याचाच ठरेल. लेसर, निर्वात तंत्र आणि संगणकीय गणित यांचे शिक्षण येथील महाविद्यालयांत आजच सुरू झाले पाहिजे. मंठा-परतूरच्या शाळांतील प्रयोगशाळांची कुलपे उघडी राहिली पाहिजेत. टँकर की वेधशाळा, असा पर्याय जनतेपुढे ठेवणारे नियोजन मुळातच सदोष होय. पाणी हा आपला हक्क आहे; कुतूहलही आहे.