घरी शिकणारं मूल अभ्यासाला बसत नाही, तेव्हा...

सहावी-सातवीपर्यंत घरीच मजेत शिकणारं मूल चौदाव्या-पंधराव्या वर्षी एकदम थंड पडतं. सकाळी दहापर्यंत अंथरूण सुटत नाही, गणिताचं पुस्तक आठवडाभर एकाच पानावर असतं आणि विचारलं की 'करतो ना' एवढंच उत्तर मिळतं. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरातही हे घडतं, पण तिथे रागवायला शिक्षक असतात आणि जेवायला वाढायला आई. होमस्कूलिंगमध्ये दोन्ही कामं एकाच माणसाकडे येतात. मग दुपारी बीजगणितावरून झालेला वाद रात्रीच्या ताटापर्यंत पोहोचतो.

यातला उशिरा उठण्याचा भाग तरी आळसाच्या खात्यावर टाकू नये. वयात येताना मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. या वयाला ८ ते १० तास झोप हवी. बारा वाजता झोपलेल्या मुलाला सहाला उठवलं, तर ती मिळणारच नाही. घरी शिकणाऱ्यांना इथे मोठी सवलत आहे, कारण नऊ-साडेनऊला अभ्यास सुरू झाला तरी कोणाची बस चुकत नाही. मात्र उठण्याची वेळ रविवारीही साधारण तीच हवी आणि उठल्यावर थोडा वेळ उजेडात जायला हवं. नाही तर मोबाइलच्या साथीने हे घड्याळ सरकत सरकत पहाटे तीनवर जातं.

झोप जागेवर आली तरी पुस्तक उघडेलच असं नाही. मग बक्षिसं सुरू होतात: धडा संपव, मग मोबाइल, ऐंशी मिळाले तर सायकल. एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवावा. त्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना 'सोमा' नावाच्या ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. मधल्या मोकळ्या वेळात कोण आपणहून कोडी हातात घेतं, हे तो पाहत होता. पैसे थांबल्यावर त्या गटाचा कोड्यांतला रस कमी झालेला दिसला. जे खेळ म्हणून चाललं होतं, ते मजुरीचं काम झालं होतं. मनापासून केलेल्या कौतुकाचा परिणाम मात्र उलट, म्हणजे रस वाढवणारा आढळला. जे काम मुळातच रटाळ आहे, तिथे बक्षिसाने फारसं बिघडत नाही, कारण बिघडायला तिथे आवड नसतेच.

पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं, की माणूस आपणहून कामाला लागण्यासाठी तीन गोष्टी लागतात: निर्णयात स्वतःचा वाटा, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपली माणसं. घरच्या शाळेत बहुधा पहिलीच गोष्ट हरवते. वेळापत्रक आईचं, पुस्तकं बाबांनी निवडलेली, आणि घरी शिकायचं हा निर्णयही मूल लहान असताना मोठ्यांनीच घेतलेला.

मुलाचा वाटा दाखवण्यापुरता नसावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) दहावी करायची असेल, तर किमान पाच विषय लागतात, त्यात एक किंवा दोन भाषा. बाकीच्या यादीत गणित-विज्ञानाबरोबर चित्रकला, गृहविज्ञानही आहे. परीक्षा पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने देता येते. ही यादी मुलासमोर ठेवून, पुढे विज्ञान शाखा हवी असेल तर कोणते विषय सोडून चालणार नाहीत हे स्पष्ट सांगून, निवड त्याच्यावर सोपवता येते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा की हा मार्ग घ्यायचा, या चर्चेतही तो असायला हवा. एखादा विषय त्याला नको असूनही करावाच लागणार असेल, तर 'हे कंटाळवाणं आहे, पण यासाठी लागतं' असं कारणासह सांगितलेलं मुलं ऐकतात. 'मी सांगते म्हणून' हे या वयात चालत नाही.

राहिली माणसं. पंधराव्या वर्षी आई-वडिलांची सोबत पुरत नाही. खो-खोचा संघ, तबल्याचा वर्ग, ट्रेकिंगचा ग्रुप असं बरोबरीच्यांचं ठिकाण आठवड्यातून दोन-तीनदा तरी हवं. एखादा विषय बाहेरच्या शिक्षकाकडे दिला, तर शिकवण्यातले वाद ताटापर्यंत यायचे थांबतात. खर्च वाढतो, हे खरं.

अर्थात प्रत्येक मरगळ म्हणजे प्रेरणेचा अभाव नव्हे. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास किंवा सतत चिडलेलं असेल, आवडीचा खेळही सोडत असेल, भूक आणि झोप बदलली असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं. जगणं नकोसं झाल्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध असते.