मंडईचं मैदान आणि मोझेलकाठचा चौक

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी बेर्नकास्टेल-कुएस नावाचं छोटं शहर आहे. डोंगरउतारावर द्राक्षमळे, खाली नदी आणि मधोमध दगडी फरसबंदीचा बाजारचौक. १२९१ मध्ये या वस्तीला शहराचे हक्क मिळाले. चौकालगत १४१६ सालचं ‘श्पिट्सहॉइसशेन’ उभं आहे. तळमजला चिंचोळा आणि वरचे मजले पुढे आलेले, अशी या लाकडी घराची घडण. १६०६ चं कारंजं आणि १६०८ चं नगरभवन याच चौकात आहे. जगभरातून लोक इथे येतात ते मुख्यतः इमारती पाहायला. पण सप्टेंबरात इथे द्राक्षमद्याचा उत्सव भरतो, तेव्हा पंचक्रोशीतले मळेवाले आपल्या मालासह उतरतात आणि ही जागा मुळात कशासाठी होती ते कळतं. एरवी त्या सुंदर भिंतींमधून एवढंच समजतं की इथे कधीकाळी बाजार भरत असे. बाजाराची जागा ऐतिहासिक ठरते ती तिथे ठरलेल्या दिवशी ठरलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत राहतात म्हणून, असं मला वाटतं. आणि ही कसोटी मानली, तर गोंदिया जिल्ह्यातली कितीतरी उघडी मैदानं त्या चौकाच्या पंगतीत बसतात.

भाऊबीज आली की झाडीपट्टीत, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, मंडई भरू लागते. एका गावची झाली की शेजारच्या गावची, असं पुढे काही आठवडे चालतं. एरवी आठवडी बाजार भरतो त्या पटांगणात किंवा गावालगतच्या मोकळ्या जागेत सकाळपासून पाल ठोकले जातात. बांगड्या, खेळणी, भांडी, जिलेबी, पानाचे ठेले यांच्या रांगा लागतात. दुपारी गोवारी मंडळी ढाल घेऊन वाजतगाजत येतात. ढाल म्हणजे मोरपिसांनी मढवलेली उंच काठी. तिच्याभोवती नाच रंगतो. रात्री दंडार किंवा नाटक, तेही उजाडेपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज इथल्या नाट्यमंडळांचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला तिची जरा उशिराच दखल घ्यावी लागली. मंडईला लेकी-जावई येतात, सोयरे येतात, घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठतात, आणि येत्या उन्हाळ्यातल्या लग्नांची बोलणीही पुष्कळदा इथेच निघतात.

हे सगळं याच दिवसांत का, याचं उत्तर शेतात आहे. हलकं धान दिवाळीच्या सुमारास हाती येतं, भारी धान मागाहून. पहिल्या कापणीनंतर हातात थोडा पैसा असतो आणि मोठ्या मळणीआधी थोडी उसंत. मंडई नेमकी त्या फटीत बसली आहे. शेजारच्या गावांनी आपापल्या तारखा वेगळ्या ठेवल्यामुळे तोच बांगडीवाला, तोच पाळणेवाला, तीच नाटक मंडळी आज एका गावात, उद्या दुसऱ्या गावात जाऊ शकते. या साऱ्या गावांचं मिळून एक वेळापत्रक आहे, आणि ते कुठल्याही सरकारी कचेरीने बसवलेलं नाही. द्राक्षाच्या तोडणीभोवती मोझेलकाठच्या गावांनी आपले उत्सव बांधले, तसेच इथे धानाच्या कापणीभोवती बांधले गेले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: तिथे सहाशे वर्षांचं घर उभं आहे, इथे दाखवायला काय आहे? इथे दिसतं ते चिंचेचं झाड, एखादा पार, पायाखाली माती. पण वारसा केवळ बांधकामात असतो हे आपला कायदाही मानत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असं म्हटलं आहे की जिथे पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत, तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर व्हावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. म्हणजे भारतीय संसदेने वारशाची व्याख्या करताना भिंती मोजल्या नाहीत, वहिवाट मोजली. दुर्दैव इतकंच की हा कायदा महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत अशा नागरी हद्दीपुरता आहे. गोंदिया किंवा तिरोड्याच्या बाजाराला त्याचा आधार मागता येईल. तिथून काही किलोमीटरवरच्या खेड्यातल्या मंडईच्या मैदानाला नाही. ज्याला सर्वांत जास्त गरज, तेच कायद्याच्या बाहेर राहिलं.

दुसरा आक्षेप दारूचा, आणि तो गंभीर आहे. जर्मन चौकाशी तुलना केली की मोहाच्या दारूची वकिली होते, अशी शंका कुणी घेईल. मोहाचा इतिहास खरोखर वेगळा आहे: १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहफुलांवर बंधनं घालणारा कायदा केला तो अबकारी उत्पन्न राखण्यासाठी, आणि जंगलातल्या माणसाचं अन्न गुन्ह्याच्या कक्षेत आलं. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही खरं. तरी मंडईचं मोल त्यावर अवलंबून नाही. लगतच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या, लढ्यातून आली आणि तिथेही मंडई भरते. मळेवाल्याचा मान चौकात आहे तो त्याने पिकवलेल्या वस्तूमुळे. इथे तो मान धानाला, वाळवलेल्या मोहफुलाला, चारोळीला, डिंकाला मिळाला तरी पुरे.

उरतो तिसरा आक्षेप: मोबाइलवर सगळं मिळतं, मग हे टिकेल कशाला? वस्तू मोबाइलवर मिळतात, हे मान्य. पण मंडईला कोणी केवळ बांगड्यांसाठी जात नाही. गोवारी समाजाचंच पाहा. वर्षभर दुसऱ्यांची गुरं राखणाऱ्या, २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात आपल्या हक्कांसाठी आलेल्या मोर्चात ११४ माणसं गमावलेल्या या समाजाच्या हाती मंडईच्या दिवशी ढाल असते आणि सारं गाव त्याच्यासाठी वाट मोकळी करतं. हा मान घरपोच येत नाही.

म्हणून करायचं ते थोडं आणि नेमकं आहे. ग्रामसभेने मंडईच्या जागेचा ठराव करावा, मोजणी करून तिची हद्द कायम करावी आणि महसुली दप्तरात सार्वजनिक वापराची जागा म्हणून नोंद घ्यावी. अतिक्रमण करायला, समाजमंदिर बांधायला किंवा गाळे काढायला आज अशीच मैदानं सर्वांत सोपी सापडतात. पाणी, बायांसाठी शौचालय आणि रात्रीचा उजेड एवढी सोय पुरेशी आहे. फरसबंदी नको, कमानी तर नकोतच, कारण पाल ठोकायला माती लागते. पर्यटन खात्याने यावं, पण पाहुणा म्हणून. तारीख ठरवण्याचा अधिकार गावाकडेच राहिला पाहिजे, कारण यंदा धान केव्हा कापायला येईल हे गावालाच ठाऊक असतं.