आप्तवाक्य आणि व्हॉट्सॲप

शब्द प्रमाण केव्हा मानावा? गौतमांच्या न्यायसूत्रांचे उत्तर असे की, आप्ताचे वचन प्रमाण. मराठीत आपण आप्त म्हणजे नातलग समजतो. शास्त्रकारांचा आप्त निराळा. विषय यथार्थ जाणणारा आणि जाणला तसाच सांगणारा तो आप्त. हल्ली मावशींकडून, व्याह्यांकडून व्हॉट्सॲपवर निरोप येतो आणि नातलगाकडून आला एवढ्यानेच तो आप्तवाक्य ठरतो. मूळ वक्ता कोण, हे मावशींनाही ठाऊक नसते! (कीर्तनकाराला निदान श्रोते समोरून हटकू शकतात.)

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास आठवडे बाजार होता. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, ही अफवा भ्रमणध्वनींवरून त्या मुलखात आधीच पसरलेली. मंगळवेढ्याकडील पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षेसाठी तेथे आले आणि जमावाने त्यांना ठार मारले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या झोळीत आपल्या माताभगिनींनी पीठ घातले, त्यांतलीच ही माणसे! आषाढी एकादशी अवघ्या तीन आठवड्यांवर होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरते बंधन घातले: एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल. फॉरवर्ड केलेल्या निरोपावर तशी खूणही उमटू लागली. ती दिसताच मावशींना नम्रपणे विचारावे, "हे आपण स्वतः पाहिलेत काय?"