फुकटातले विमान

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी घेताना शेजाऱ्यांनी गाठलेच. "काहो भाऊ, कार्डाच्या गुणांवर विमानाने पुण्याला गेले म्हणे, फुकटात!" गेलो खरा; पण फुकटात म्हणाल, तर थोडा हिशेब ऐका.

क्रेडिट कार्डावर खर्च केला की बँक गुण देते. समजा, १०० रुपयांना २ गुण आणि एका गुणाची किंमत २५ पैसे. मग ६,००० रुपयांच्या तिकिटाला २४,००० गुण लागतात, म्हणजे १२ लाखांचा खर्च! किराणा, औषधे, विम्याचे हप्ते, जे एरवीही भरायचेच होते, तेवढेच मी कार्डावर घेतले. तीन वर्षे लागली.

मधे एकदा फसलोही. बिलावर 'किमान रक्कम' छापलेली असते, तेवढीच भरली. उरलेल्या २०,००० रुपयांवर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज ७०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. त्याच २०,००० वर मिळालेल्या गुणांची किंमत मात्र १०० रुपये! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

गुण साठवूनही ठेवू नयेत. त्यांना बहुधा मुदत असते, नियम बदलतात. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा त्या तिकिटासाठी गुण जमवणारे पाहतच राहिले.

तेव्हा मंडळी, दरमहा पूर्ण बिल भरता येत असेल, तरच या वाटेला जा. नाहीतर आपली रेल्वे बरी!