साखरेविना गोडी

कोजागिरी पौर्णिमा उलटली, की दुसऱ्या दिवशी सुरतेत चांदणी पडवा येतो. त्या रात्री गच्चीगच्चीवर आणि तापीच्या काठी माणसांची गर्दी लोटते. घारी आणि भुसू यांचे डबे उघडतात. येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबेही या सणात आता आपलेपणाने सामील होतात. परंतु त्या पंगतीत एक ताट बहुधा असे असते, की ज्यात घारीचा तुकडा पडत नाही. ते मधुमेह जडलेल्या आजोबांचे किंवा आजीचे ताट होय. अशाच एका घरातील विद्यार्थ्याने यंदा वर्गात विचारले, “बाजारात ‘शुगर-फ्री’ घारी मिळते. साखर नसताना ती गोड कशी लागते? आणि आजोबांना ती चालेल का?” पहिला प्रश्न कुतूहलाचा आहे, दुसरा जिव्हाळ्याचा. दोहोंची उत्तरे शोधावयाची तर प्रथम गोडी म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

माझ्या मातृभाषेत, म्हणजे कोकणीत, गुळाला ‘गोड’ असेच म्हणतात. पदार्थ आणि त्याची चव यांना जणू एकच नाव! आपणा सर्वांची समजूतही अशीच असते, की गोडी ही साखरेत किंवा गुळातच भरलेली आहे. वस्तुतः साखरेच्या कणात गोडी नसते. तिचा जन्म आपल्या जिभेवर होतो. जिभेवरील रुचिपेशींवर विशिष्ट प्रथिने असतात. साखरेचा रेणू त्यांच्या खाचेत नेमका बसला, की मेंदूकडे वर्दी जाते आणि आपण म्हणतो, ‘गोड!’ कुलूप आणि किल्ली यांसारखाच हा प्रकार आहे. कोकणात व सह्याद्रीच्या रानांत आढळणाऱ्या गुडमार नावाच्या वेलीचे पान चावून मग साखर तोंडात टाकली, तर काही वेळ ती वाळूसारखी बेचव लागते. साखर तीच असते. पानातील द्रव्याने कुलूप तेवढे अडवून धरलेले असते.

आता, एका किल्लीने उघडणारे कुलूप दुसऱ्या एखाद्या किल्लीनेही उघडू शकेल, हे ओघानेच आले. अशी पहिली प्रसिद्ध किल्ली 1879 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडली. कॉन्स्टंटिन फालबर्ग नावाचे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून घरी आले आणि जेवावयास बसले. हातातील पाव त्यांना विलक्षण गोड लागला. डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर ते काम करीत होते आणि त्यांपैकीच काहीतरी त्यांच्या हाताला लागून राहिले होते. ते द्रव्य म्हणजे सॅकरिन. गंमत अशी, की ‘सॅकरिन’ हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले, त्याचे मूळ आपल्या ‘शर्करा’ या शब्दात आहे. 1965 साली जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावले आणि ॲस्पार्टेमचा शोध लागला.

परंतु या मालिकेतील सर्वांत मनोवेधक कथा 1976 सालची आहे आणि तिच्या नायकाचे आडनाव आपल्या कानांना परके नाही. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे तरुण भारतीय संशोधक काम करीत होते. साखरेच्या रेणूत क्लोरिन घालून नवी संयुगे बनवावयाची आणि त्यांचा काही उपयोग होतो का ते पाहावयाचे, असे ते संशोधन होते. एके दिवशी अशा एका संयुगाची ‘परीक्षा करा’ असे फडणीसांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले ‘चव घ्या’! इंग्रजीतील हे दोन शब्द देवनागरीत लिहू गेल्यास दोन्ही ‘टेस्ट’ असेच लिहावे लागतात, तेव्हा ही चूक आपणांस सहज उमगेल. फडणीसांनी चिमूटभर पदार्थ जिभेवर ठेवला; तो अतिशय गोड लागला. त्यातूनच पुढे सुक्रालोज जगापुढे आले. कॅनडाने 1991 साली आणि अमेरिकेने 1998 साली त्याच्या वापरास संमती दिली. म्हणजे जिभेने क्षणात दिलेला निकाल मान्य होण्यासाठी शास्त्राला पंधरा वर्षे तपासणी करावी लागली.

सुक्रालोजची घडण पाहण्यासारखी आहे. साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या आठ जोड्या असतात. त्यांपैकी ठराविक तीन काढून त्यांच्या जागी क्लोरिनचे तीन अणू बसविले, की सुक्रालोज तयार होते. ही किल्ली जिभेच्या कुलपात साखरेपेक्षाही घट्ट बसते. म्हणून तिची गोडी साखरेच्या सुमारे 600 पट भरते. उलट, साखर फोडणारे आपल्या आतड्यातील पाचकरस या रेणूला फोडू शकत नाहीत. त्याचा बहुतेक भाग न पचता तसाच बाहेर पडतो आणि त्यापासून उष्मांक मिळत नाहीत. ज्या चहाला 6 ग्रॅम साखर लागते, त्याला अवघे 10 मिलिग्रॅम सुक्रालोज पुरे! हा कण अगदीच लहान. म्हणून गोळीत उरलेला भाग केवळ भर घालण्याचा असतो.

मग साखरेचे काम संपले काय? स्वयंपाकघरात विचारा, म्हणजे उत्तर मिळेल. साखर केवळ गोडी देत नाही. ती पाकाला तार आणते, मिठाईला आकारमान देते, खमंग रंग चढविते आणि पाणी धरून ठेवून पदार्थ टिकविते. ही कामे 10 मिलिग्रॅमच्या कणाला कशी जमणार?

आता आजोबांच्या घारीकडे वळू. साखर काढली, तरी घारीत मैदा राहतो, माव्यात दुधाची मूळ साखर राहते आणि तूप तर भरपूर असते. एक ग्रॅम साखरेतून 4 उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तुपातून सुमारे 9. तेव्हा ‘साखर नाही’ याचा अर्थ ‘हवी तितकी खा’ असा मुळीच नव्हे. वेष्टनावरील त्या दोन शब्दांवर विसंबून तीन घाऱ्या खाणाऱ्यापेक्षा, डॉक्टरांना विचारून साध्या घारीचा लहानसा तुकडा चाखणारा अधिक शहाणा म्हटला पाहिजे.

या पदार्थांच्या सुरक्षिततेविषयी शास्त्रज्ञांत वाद झाले आहेत. उंदरांवरील प्रयोगांमुळे अमेरिकेत 1977 पासून सॅकरिनच्या वेष्टनावर धोक्याची सूचना छापावी लागे. तो दोष उंदरांच्या शरीररचनेतील एका विशेषामुळे उद्भवतो, असे दिसून आल्यावर 2000 साली ती सूचना काढण्यात आली. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला, की वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांवर भिस्त ठेवू नये. दीर्घकाळात त्यांचा लाभ दिसत नाही. हा सल्ला मधुमेह असलेल्यांसाठी मात्र नव्हता; त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या मतानेच चालावे. एकदा दिलेला निर्णय नवा पुरावा मिळताच पुन्हा तपासणे, हीच शास्त्राची रीत होय.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा प्रश्न एका आजोबांपुरता नाही. साखरेऐवजी काय घ्यावे, याइतकाच इतके गोड लागावेच का, हाही विचार करावयास हवा. चहातील साखर थोडी थोडी कमी करीत गेल्यास जीभ ते हळूहळू मान्य करते, असा अनेकांचा अनुभव आहे. ही सवय लहान वयात लावून घेणे सोपे जाते.

जाता जाता विद्यार्थ्यांना एक इशारा. वरील कथा वाचून प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ जिभेला लावण्याचा मोह धरू नका. ज्यांच्या चुकीतून गोडी निघाली, त्यांच्याच कथा आपल्यापर्यंत पोहोचल्या. ज्यांच्या चुकीतून विष निघाले, त्यांना कथा सांगावयास सवड मिळाली नसेल. फडणीसांची चूक फळाला आली ती पुढील पंधरा वर्षांच्या चिकाटीच्या तपासणीमुळे. अनुकरण करावयाचे ते त्या चिकाटीचे.

आणि पुढच्या चांदणी पडव्याला आजोबांच्या ताटात काय वाढावे, हे ठरवण्यापूर्वी वेष्टन उलटून मागची बारीक अक्षरे त्यांना वाचून दाखवा.