जुन्या गाडीचे अस्सल भाग

मुलांनो, पन्नास वर्षांपूर्वीची एखादी मोटारसायकल रस्त्याने जाऊ लागली की सगळे मान वळवून तिच्याकडे पाहतात. पण अशी गाडी चालू स्थितीत ठेवणे सोपे नसते. तिचा एखादा भाग मोडला तर तो आणायचा कोठून? यंत्राच्या अशा भागांना उर्दूत आपण 'पुर्जे' म्हणतो. मराठीत त्यांना 'सुटे भाग' म्हणतात.

जावा या गाडीचे उदाहरण घेऊ. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ही गाडी तयार होऊ लागली. मूळ जावा कंपनी चेकोस्लोव्हाकिया देशातील होती. पुढे हाच कारखाना 'येझदी' नावाने गाड्या बनवू लागला. या गाड्यांची एक गंमत होती. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच असे! १९९६ मध्ये हा कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आले. परंतु नव्या गाडीचे इंजिन अगदी वेगळे आहे. तिचे भाग जुन्या इंजिनाला बसत नाहीत. म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन वापरलेले, पण अस्सल भाग शोधत फिरतात.

असे भाग कोठे मिळतात? पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात शोधणाऱ्यांची गर्दी असते. पण प्रत्येक वेळी एवढ्या दूर जाण्याची गरज नसते. गावातल्या जुन्या मिस्त्रीच्या फळीवर किंवा भंगाराच्या दुकानातही एखादा भाग सापडतो. मात्र तेथे उशीर करून चालत नाही. आपल्या देऊळगाव राजाजवळच्या जालना शहरात लोखंडाचे मोठे कारखाने आहेत. तेथील भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार करतात. भट्टीत गेलेला भाग पुन्हा कधीच मिळत नाही.

अस्सल भाग ओळखायचा कसा? नकली भाग बहुधा जास्त चकचकीत असतो. पण त्याचा पत्रा पातळ असतो आणि त्याची भोके नीट जुळत नाहीत. अस्सल भागावर पुष्कळदा कंपनीचे चिन्ह किंवा क्रमांक असतो. तो कंपनीच्या सुट्या भागांच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. माप डोळ्यांनी घेऊ नये, व्हर्निअर कॅलिपरने घ्यावे. चुंबक लावूनही पाहावे. लोखंडाला ते चिकटते, ॲल्युमिनियमला चिकटत नाही.

बारीक तडा शोधण्याची मिस्त्री लोकांची एक युक्ती आहे. ते भागाला रॉकेल लावतात, थोड्या वेळाने तो कोरडा पुसतात आणि त्यावर खडूची पूड पसरतात. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पुडीवर ओली रेघ उमटते. असा भाग कितीही अस्सल असला तरी घेऊ नये. ब्रेकचे लायनर, टायर आणि बेअरिंग तर नवेच घ्यावेत. हौसेपेक्षा जीव मोलाचा आहे.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. इंजिनावर आणि चासीवर क्रमांक कोरलेले असतात. क्रमांक खोडलेला असेल, तर तो माल चोरीचा असू शकतो. म्हणून इंजिन घेताना कागदपत्रे तपासावीत आणि पावती घ्यावी. सरकारनेही २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी खास नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मूळ रूप टिकवायचे, तर भागही मूळचेच हवेत.

भंगाराच्या ढिगात एखादा गंजलेला भाग पडलेला असतो. ज्याला त्याची ओळख नाही, त्याच्यासाठी ते किलोवर विकायचे लोखंड असते. ज्याला ओळख आहे, त्याच्यासाठी तो बंद पडलेल्या गाडीचा जीव असतो. ही ओळख पुस्तकातून येते, तशीच ती अनुभवी मिस्त्रीजवळ बसूनही येते. अशा कारागिरांचे वय आता होत चालले आहे. म्हणून भाग जपावेत, आणि त्याआधी त्यांचे ज्ञान शिकून घ्यावे.